न थांबलेला सूर

मित्रांनो, तुमच्या वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात जे तपकिरी कपाट आहे, ज्याच्यावर तुम्ही वह्यांचे गठ्ठे रचता आणि ज्याच्या पाठीवर कुणीतरी कर्कटकाने तीन पायांचा घोडा कोरला आहे, ते कपाट नाही. ती मी आहे. मी जुनी पायपेटी आहे. घोड्याबद्दल माझी तक्रार नाही, बिचाऱ्याला चौथा पाय मिळाला असता तर बरे झाले असते इतकेच. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती सांगायची तर आधी मास्तरांबद्दल सांगावे लागेल. माझे स्वतःचे असे आयुष्य थोडेच आहे. वाजवणारा बसला की पेटी जगते, तो उठला की ती लाकूड असते.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. दोन भाऊ होते. थोरला लाकूडकाम करी आणि धाकटा, जाड चष्म्याचा, माझ्या पोटातली पितळी पाती बसवी. अशी एकसष्ट पाती माझ्या आत आहेत. खाली दोन पायटे आहेत. ते पायांनी हलवले की भात्यात वारा खेळतो. वरची पट्टी दाबली की तिच्याखालची छोटीशी झाकणी उघडते, वारा पितळी पात्यावरून जातो आणि सूर निघतो. पट्टी सोडली की काडीएवढी स्प्रिंग ती झाकणी मिटवते. या स्प्रिंगकडे नीट लक्ष ठेवा. माझी सगळी लाज तिच्यापाशी आहे.

मला एका चर्चने घेतले. तिथे पहिली तीन वर्षे मला वाजवणारे धड कुणी नव्हते. चर्चचा कारभार पाहणारे पाच पंच होते, त्यांतले एक जाडजूड पंच रविवारी माझ्यापुढे बसत आणि एका बोटाने सूर शोधत. त्यांना तो सापडेपर्यंत मंडळी गीत संपवून खाली बसलेली असे.

मग मास्तर आले. ते तेव्हा चोवीस वर्षांचे होते, हडकुळे, शर्टाच्या बाह्या आखूड. चर्चच्या आवारातच ही शाळा होती आणि तिला असा शिक्षक हवा होता, जो आठवडाभर गणित आणि भाषा शिकवील, मुलांना चर्चमध्ये आणून त्यांचा गाण्याचा तास घेईल आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवील. एका माणसात तीन माणसे हवी होती म्हणा ना. मास्तरांनी माझे झाकण उघडण्याआधी रुमालाने स्वतःचे हात पुसले. दोन मिनिटे वाजवले आणि पंचांना सांगितले, पेटीत उंदीर आहे. खरोखरच होता. माझ्या भात्याच्या कापडात त्याने संसार थाटला होता. मास्तरांनी त्याला लेकरांबाळांसकट बाहेर काढले, भोकांना ठिगळे लावली आणि कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

दरवर्षी मोठ्या सुट्टीत ते मला उघडत. बाकीचे शिक्षक आपापल्या गावी जात आणि हे चर्चच्या फरशीवर जुनी चादर अंथरून माझी एकसष्ट पाती ओळीने मांडत. दात घासायच्या जुन्या ब्रशने धूळ काढत. एकेक पाते ओठांशी धरून फुंकत आणि कान देत. सूर चढला असेल तर बारीक कानशीने मुळाशी घासत, उतरला असेल तर टोकाशी. किती घासायचे ते फक्त कानाने कळते. या कामात ते जेवणखाण विसरत. मग बालवर्गाच्या बाई दारात येऊन उभ्या राहत आणि विचारत, "जेवायला येताय, की पेटीच वाढू ताटात?" या बाई म्हणजे त्यांची बायको. ही दोघे शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. त्यांना एक मुलगी झाली. ती मोठी होऊन परिचारिका झाली आणि नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली.

मास्तर देवमाणूस होते असे आता सगळे म्हणतात. मी तीस वर्षे त्यांच्या गुडघ्यांना टेकून होते, मला विचारा. ते प्रेमळ होते आणि हट्टीही होते. बेसूर आवाज ऐकला की त्यांना दाढ दुखल्यासारखे होई. शाळेचा वार्षिक कार्यक्रम आला की ते सगळ्यांना उभे करून एकेकाचा सूर तपासत आणि ज्याचा लागत नसे त्याला शांतपणे सांगत, "तू मागच्या ओळीत उभा राहा आणि नुसते ओठ हलव." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. मुलाला कार्यक्रमातून काढण्यापेक्षा हे बरे, असे त्यांना वाटे. पण ओठ हलवायची ही विद्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेली आणि एक दिवस ती त्यांच्यावरच उलटली.

मास्तरांचे कान गेले, ते असे एकदम गेले नाहीत. आधी बारीक आवाज गेले. माझे वरचे सात-आठ सूर त्यांच्या कानी पडेनात. त्यांना वाटले मीच बिघडले. ते त्या पट्ट्या पुन्हापुन्हा दाबत आणि माझ्याकडे रागाने बघत. पुढे वर्गातल्या लाजऱ्या मुलींची उत्तरे ऐकू येईनात. मग त्यांनी पद्धत बदलली. उत्तर तोंडी नको, फळ्यावर लिहून दाखवा. मुख्याध्यापकांनी या नव्या पद्धतीचे कौतुक केले. मास्तरांनी ते खाली मान घालून घेतले.

आणि मग तो गाण्याचा तास आला. मास्तर माझ्यापुढे बसले होते, मागे एक्केचाळीस मुले उभी होती. मास्तरांची डोळे मिटून वाजवायची सवय मुलांना ठाऊक होती. पहिल्या कडव्याला मागची ओळ गप्प झाली. दुसऱ्याला मधली. तिसऱ्या कडव्याला चर्चमध्ये माझ्याशिवाय कुणाचाही आवाज नव्हता. एक्केचाळीस मुले नुसते ओठ हलवत होती. मी जीव तोडून वाजत होते, काहीतरी चुकते आहे हे त्यांना माझ्यातून तरी कळावे म्हणून. पण मी काय सांगणार? मास्तर दाबतील तेच मी बोलते.

गीत संपले. मास्तर वळले आणि म्हणाले, "आज फार छान गायलात. शेवटच्या कडव्यात तर फारच."

मुलांनी हसू दाबले. खरे तर ते दाबायची गरजही नव्हती. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींचे थोरले भाऊबहीण त्या वर्गात होते. मला त्यांची नावे माहीत आहेत, पण ती मी सांगणार नाही.

त्याच वेळी दारात बाई उभ्या होत्या. रोज त्यांच्या बालवर्गाच्या खिडकीतून मुलांचे गाणे ऐकू येई. त्या दिवशी नुसतीच पेटी ऐकू आली, म्हणून त्या बघायला आल्या होत्या. त्यांना पाहताच मुलांचे चेहरे उतरले. बाई कुणालाही रागावल्या नाहीत. शाळा सुटल्यावर मात्र त्या परत आल्या. मास्तर माझ्या पट्ट्या पुसत होते.

"अहो, आज पोरं गात नव्हती," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांच्या तोंडाकडे बघितले. बाई समोर आल्या आणि एकेक शब्द सुटा करून पुन्हा म्हणाल्या, "पोरं गात नव्हती. नुसते ओठ हलवत होती."

मास्तर पट्ट्या पुसत राहिले. एकच पट्टी त्यांनी चार वेळा पुसली. मग विचारले, "सगळी?"

"सगळी."

"तुला कधीपासून माहीत आहे? माझं हे?"

"दोन वर्षं होतील. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

मास्तरांनी माझे झाकण लावले आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. "कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "रिटायर व्हायला चार वर्षं राहिलीत. वर्गातून काढलं तर एक वेळ मी सोसेन. पण इथून उठवलं तर मी कुठं बसू?"

बाईंनी त्यांना लांबच्या एका डॉक्टरांकडे नेले. कानाची नस सुकत चालली आहे आणि कानामागे यंत्र लावले तर थोडेफार ऐकू येईल, असे डॉक्टर म्हणाले. यंत्र आणले. मास्तरांनी ते एकदा घरात लावून पाहिले आणि खणात टाकले. ते लावून चर्चमध्ये बसायचे म्हणजे सगळ्या मंडळीसमोर पाटी गळ्यात अडकवून बसण्यासारखे होते.

मग दोघांनी मिळून वेगळीच युक्ती काढली. मास्तरांनी दाढीचा छोटा आरसा माझ्या माथ्यावर बसवला. उपासना चालवणारे पाळकसाहेब दिसावेत म्हणून, असे पंचांना सांगितले. खरे म्हणजे त्यात पहिल्या बाकाचे डावे टोक दिसे आणि तिथे बाई बसत. बाईंनी गीतांचे पुस्तक छातीशी धरले की सुरू करायचे. मंडळी मागे पडली की त्या पान उलटत. पुस्तक मांडीवर ठेवले की थांबायचे. पाय हलवणेही बंद करायचे असेल तर पुस्तकावर पालथा हात. तीन वर्षे दर रविवारी बाई त्या बाकावर डोळ्यांत तेल घालून बसल्या. त्यांनी त्या तीन वर्षांत एकही प्रार्थना मन लावून केली नसेल. देवाने ते चालवून घेतले असावे.

मी मात्र आतून बिघडत होते. सुट्ट्या येत आणि जात, मास्तर मला उघडत नसत. ज्याला सूर ऐकू येत नाही त्याने कानशी कुठे चालवायची? माझ्या मधल्या एका पट्टीची स्प्रिंग सैल पडली होती. पट्टी दाबली की कधीकधी तशीच खाली राही आणि सूर लांबत जाई. बाईंच्या ते लक्षात आले. कारागिराला बोलवा, असे त्यांनी दोनदा सांगितले. मास्तर म्हणाले, "तो आला की पहिला प्रश्न विचारेल, मास्तर, कोणता सूर खराब आहे? मी काय सांगू?"

"मी दाखवते ना पट्टी," बाई म्हणाल्या.

"आणि तो विचारेल, तुम्ही का नाही दाखवत?"

बाईंनी पेन्सिलीने त्या पट्टीच्या कडेला बारीक खूण करून ठेवली. पुढच्या सुट्टीत बघू, असे ठरले. पुढची सुट्टी यायच्या आत बाई आजारी पडल्या. पोटात दुखते म्हणत होत्या, पण रविवार चुकवत नव्हत्या. शेवटचे दोन रविवार त्या बाकाच्या पाठीला उशी लावून बसल्या आणि पुस्तक दोन्ही हातांनी उचलत होत्या. नंतर दवाखाना, आणि बाराव्या दिवशी सगळे संपले.

अंत्यविधीला पेटी नको, नुसते गाऊ, असे पाळकसाहेब मास्तरांना म्हणाले. मास्तर ऐकेनात. "तिच्यासाठी मीच वाजवणार," असे म्हणून ते माझ्यापुढे येऊन बसले. त्यांनी सवयीने वर आरशात बघितले. डाव्या टोकाची जागा मंडळीने रिकामी ठेवली होती. बाई पुढे, फुलांखाली होत्या.

गीत तीन कडव्यांचे होते. मास्तरांनी कडवी मनात मोजली आणि बरोबर जागी थांबले. खरेच बरोबर थांबले, हे मी छातीठोकपणे सांगते. पट्ट्यांवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. पाळकसाहेब म्हणाले, आता आपण दोन मिनिटे शांत राहून आपल्या बहिणीसाठी प्रार्थना करू. सगळ्यांनी डोळे मिटले. आरशात ते बघून मास्तरांनीही मिटले. पण पुढच्या गीतासाठी भात्यात वारा राहावा म्हणून त्यांचे पाय हळूहळू हलत राहिले. तीस वर्षांची ती सवय होती.

आणि पेन्सिलीची खूण असलेली ती पट्टी खालीच राहिली होती.

मी वाजत राहिले. एकच सूर, ना गाणे ना रडणे, त्या शांततेत लांबच लांब. मी थांबायची पराकाष्ठा केली. पण वारा येत होता आणि झाकणी उघडी होती. लोकांनी एकेक करून डोळे उघडले. कुणी घसा खाकरला. जाडजूड पंच आता म्हातारे झाले होते, त्यांनी मान खाली घातली. मागे एक मूल हसले आणि त्याला चापट बसली. पाळकसाहेब मास्तरांकडे बघत उभे राहिले, पुढे कुणी येईना. एवढ्या लोकांत मास्तरांचा चेहराच काय तो शांत होता.

शेवटी त्यांची मुलगी उठली. ती माझ्याजवळ आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने मास्तरांचा एक पाय धरला. मास्तरांनी डोळे उघडले. आईच्या दुःखाने मुलगी पायाशी येऊन बसली, असे त्यांना वाटले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूहळू थोपटू लागले. दुसरा पाय चालूच होता. मी वाजतच होते.

मुलीने मान वर केली, तिचे तोंड त्यांना दिसेल अशी. "बाबा," ती म्हणाली, "वाजतंय. थांबत नाहीये."

मास्तरांनी आधी तिच्याकडे बघितले, मग माझ्याकडे. खाली गेलेली पट्टी त्यांच्या डोळ्यांना दिसली. त्यांनी ती नखाने वर उचलली आणि दोन्ही पाय जमिनीवर घेतले. पुढचे गीत त्यांनी वाजवले नाही. सगळे लोक बाहेर जाईपर्यंत ते मागे वळले नाहीत.

त्यानंतर जे झाले ते फार सभ्यपणे झाले. पंचांनी पत्र लिहिले. त्यात मास्तरांच्या सेवेचे कौतुक होते आणि आता विश्रांती घ्या असा प्रेमाचा सल्ला होता. शाळेने त्यांचा वर्ग काढून घेतला आणि उरलेले महिने ऑफिसात हजेरीपटांवर रेघा आखायचे काम दिले. मास्तरांनी त्या रेघा पट्टीने सरळ आखल्या. पंचांची बैठक माझ्यासमोरच झाली होती, म्हणून मला एक गोष्ट कळली. मास्तरांना ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत होते. एकाला दोन वर्षांपासून, दुसऱ्याला तीन. मुख्याध्यापकांना फळ्याच्या त्या नव्या पद्धतीपासून. आरशाची युक्तीही अनेकांनी ओळखली होती. कसे बोलायचे, वाईट वाटेल, म्हणून सगळे मूग गिळून बसले होते. बाई त्या बाकावर तीन वर्षे जे लपवत होत्या ते मागच्या प्रत्येक बाकाला ठाऊक होते.

मुलगी मास्तरांना आपल्या घरी न्यायला आली. निघायच्या आदल्या दुपारी ती दोघे चर्चमध्ये आली. मास्तरांच्या हातात कानशी आणि पेचकस होता. त्यांनी चादर अंथरली, माझी पाठ उघडली आणि आधी ती स्प्रिंग बदलली. दोन मिनिटांचे काम होते. मग ते मुलीला म्हणाले, "बस इथं. एकेक पट्टी दाब. मला ऐकू येत नाही, तू सांग."

एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

मुलगी पट्टी दाबी, हाताने खूण करी, बरा, वाईट, चढा. मास्तर माझ्या लाकडावर तळवा ठेवून बसत, पाते काढत, घासत, परत लावत. मुलीला त्यातले फारसे कळत नव्हते. काही सूर तिने उगाच नापास केले, पण मी कुरकुर केली नाही. मध्येच मास्तर म्हणाले, "इतकं सोपं होतं बघ. तुझ्या आईला पट्टी दाखवू दिली असती तर त्या दिवशी तिला शांत जाता आलं असतं." मुलीने पुढची पट्टी दाबली.

ऊन खिडकीतून खाली सरकले तेव्हा काम संपले. मुलीने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि खुणेने सांगितले, एक गीत वाजवा. मास्तर माझ्यापुढे बसले. त्यांनी रुमालाने हात पुसले, पाय पायट्यांवर ठेवले आणि वर आरशात बघितले. मग पाय परत खाली घेतले.

"नको," ते म्हणाले. "कुठं थांबायचं ते मला कळणार नाही."

पुढच्याच महिन्यात चर्चमध्ये विजेवर चालणारी नवी पेटी आली आणि मला इथे आणून ठेवले. मास्तर मुलीकडे दीड वर्ष जगले. ते गेल्याचे मुख्याध्यापकांनी याच वर्गात सांगितले आणि तुम्ही सगळे दोन मिनिटे उभे राहिलात. तुम्ही शांत उभे होता. मीही होते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूने आपली काळजी घ्या असे म्हणायची रीत आहे. माझी घेतली नाही तरी चालेल, मी लाकूड आहे. पण तुमच्या ओळखीत कुणाला ऐकू येईनासे झाले असेल, दिसेनासे झाले असेल, कुणाचा हात थरथरत असेल आणि तो ते लपवत असेल, तर त्याच्यासमोर जा आणि त्याला दिसेल असे तोंड करून सांगा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या. मला सगळे माहीत होते आणि मी सांगू शकले नाही, कारण मला तोंड नाही. त्या चर्चमध्ये दर रविवारी दोनशे माणसे बसत होती, त्या सगळ्यांना बोलता येत होते.